सुभेदार धुरींचा साकव

सुभेदार धुरी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते हातात आमचाच कचरा घेऊन.

लग्न होऊन मी मुलुंडला आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमची सोसायटी डोंगराच्या अंगाला, रस्ता संपतो तिथे. मागे दगडी भिंत, भिंतीपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे वस्ती. वस्तीत बहुतेक घरं कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची. नाला एरवी घोटाभर पाण्याचा, पण पावसाळ्यात डोंगरावरचं सगळं पाणी पोटात घेऊन धावणारा. सोसायटीतल्या लोकांना मात्र त्याचा एकच उपयोग ठाऊक होता. जेवणं झाली, की खरकटं वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि भिंतीवरून पलीकडे भिरकवायचं.

एका रविवारी अरुणने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुडी फेकायला हात उचलला आणि पलीकडून आवाज आला, "साहेब, फेकू नका. मी येतो."

अरुण हात तसाच वर धरून उभा. पलीकडचा माणूस विजार गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात उतरला, पाणी तुडवत अलीकडे आला, भिंतीच्या पडक्या जागेवरून वर चढला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. प्रसाद घ्यावा तसे.

"द्या. कचरापेटीकडेच चाललोय मी."

अरुणला काय करावं सुचेना. त्याने पुडी देऊन टाकली आणि घरी येऊन मला म्हणाला, "कोण वेडा माणूस आहे गं!" एवढ्यात दारावर टकटक झाली. तोच माणूस दारात.

"माफ करा. पुडीत काहीतरी जड लागलं हाताला, म्हणून उघडून बघितली." त्यांच्या तळहातावर चांदीचा चमचा होता. माझ्या सासूबाईंचा, माहेरचा. तो हरवल्यापासून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि भांडी घासणाऱ्या सुमनवर त्यांचा संशय होता. सासूबाई बाहेर आल्या, चमचा बघितला, एकदा मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या, बसा. चहा घेऊन जा."

"हात खरकटे आहेत," ते म्हणाले. "पुढच्या वेळी." आणि पुडी घेऊन जिना उतरून गेले.

त्या दिवसापासून अरुणने भिंतीवरून काही फेकलं नाही. सासूबाईंनी सुमनला जुनी पण चांगली साडी दिली. का दिली ते तिला सांगितलं नाही.

सुभेदार देवगडकडचे. फौजेत इंजिनियरांच्या तुकडीत सगळी उमेदीची वर्षं काढून निवृत्त झालेले. वस्तीतल्या चाळीच्या टोकाच्या खोलीत ते आणि त्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या काकी, दोघंच. एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती गावाकडे. शरीर सडसडीत, मिशा बारीक कातरलेल्या. पांढरा शर्ट, खाकी विजार आणि खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. नाल्यातून यायचं असलं की बूट गळ्यात अडकवलेले. बूट ओले झालेले मी त्यांचे कधी पाहिले नाहीत. पाय मात्र नेहमी चिखलाचे.

बोलणं तीन प्रकारचं. घरात मालवणी, आमच्याशी जरा जपून बोललेली मराठी आणि काम सुरू झालं की फौजी हिंदी. "जल्दी नहीं, पक्का!" हे तर वस्तीतली लहान पोरंही एकमेकांना ओरडून सांगायची, गोट्या खेळतानासुद्धा. आणखी एक सवय म्हणजे "बघूया" हा शब्द त्यांना खपत नसे. कुणी "बघूया" म्हणालं की ते शांतपणे विचारायचे, "बघून झाल्यावर काय? करूया म्हणा." त्यामुळे काही लोक त्यांना टाळायचे. त्यांच्याशी बोलताना तोंडून "करूया" निघून गेलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर.

वस्तीतल्या सार्वजनिक नळावर रोज सकाळी भांडणं. कळशा आपटायच्या, झिंज्या धरल्या जायच्या. सुभेदार तिथे जाऊन उभे राहायला लागले. ते कुणाला दटावत नसत. फक्त स्वतःची बादली रांगेच्या शेवटी ठेवायचे आणि मागून कुणी आलं, की ती उचलून त्याच्या मागे. माणूस कितीही भांडखोर असला तरी सुभेदार आपल्या मागे उभे आहेत म्हटल्यावर पुढे घुसायला लाजायचा. हळूहळू रांग आपोआप लागायला लागली. पण पाणी जायची वेळ व्हायची आणि बऱ्याचदा सुभेदारांची बादली कोरडी राहायची. काकी मग दारातूनच सुरू व्हायच्या, "घरात पाण्याचो थेंब नाय नि हे जगाक रांगेत उभे करतत! आता भात काय डोळ्यांच्या पाण्यात शिजवू?" सुभेदार खाली मान घालून ऐकायचे. शेवटी नळावरच्या बायकांनीच ठरवलं, की पहिली कळशी काकींची. काकींनी ती घेतली, पण सुभेदारांना बरेच दिवस सांगितलं नाही. कारण त्यांनी ती परत रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली असती.

लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून पोरं त्यांच्या मागे लागायची. किती शत्रू मारले? तोफ उडवली का? एकदा आमच्या जिन्यावर बसून त्यांनी एक गोष्ट सांगितली. पुढे उंच डोंगर, खाली नदी, वरून बर्फ. यांच्या तुकडीने नदीवर फळ्यांचा पूल टाकला आणि एक खेचर त्यावर पाय ठेवायला तयार होईना. मागे सगळी फौज खोळंबलेली. साहेब ओरडले, शिव्या झाल्या, ओढलं, ढकललं. खेचर ढिम्म.

"मग तुम्ही काय केलंत?" पोरांनी विचारलं.

"मी त्याला विचारलं, बाबा रे, कशाची भीती वाटते? मग त्याच्या डोक्याजवळ डोकं नेऊन बघितलं. फळ्यांच्या फटीतून खाली धावणारं पाणी दिसत होतं त्याला. मी फटींवर गवत टाकलं. गेलं."

"आणि लढाई?"

"लढाईत माझ्या वाट्याला खेचरच आलं," सुभेदार म्हणाले. पोरं नाराज होऊन खेळायला गेली. सासूबाई मात्र दारामागे तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या मूळच्या विलेपार्ल्याच्या. जगातलं जे काही चांगलं ते पार्ल्यात आहे, असं त्यांचं मत. पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, "असा माणूस आमच्या पार्ल्यातसुद्धा नाही हो."

त्याच सुमारास गिरण्यांचा संप सुरू झाला. वस्तीतले पुरुष सकाळी उठून दाढी करायचे, कपडे घालायचे आणि मग जायला जागाच नाही म्हणून ओट्यावर बसून राहायचे. सुमनचा नवरा वसंत सावंत गिरणीत फिटर होता. धिप्पाड, हाताचा कुशल, पण संप लांबला तसा तो दुपारपासूनच गुत्त्यावर दिसायला लागला. सुमनने आणखी तीन घरची भांडी धरली. तिची मुलगी शैला चौथीत होती. म्युनिसिपालिटीची शाळा आमच्या बाजूला, मोठ्या रस्त्यावर. पावसाळा जवळ आला तशी सुमन एक दिवस मला सहज म्हणाली, "आता शैलीची शाळा बंदच करायची चार महिने."

"का गं?"

"नाल्याला पाणी येतं ना ताई. झिलगे, पोरगे म्हणजे, उड्या मारत जातात. चेडवांना कोण पाठवणार? लांबून जायचं म्हणजे डोंगराला वळसा. दरवर्षी असंच. वस्तीतल्या पोरी पावसाळ्यात घरीच बसतात. मग नापास होतात, मग कायमच्याच घरी."

हे तिने पीठ संपलंय म्हणून सांगावं तसं सांगितलं. नेमके तेव्हा सुभेदार सासूबाईंनी बोलावलं म्हणून चहाला आले होते. कप त्यांच्या हातात राहिला.

"दरवर्षी?" त्यांनी विचारलं.

"दरवर्षी," सुमन म्हणाली.

"आणि मला इतकी वर्षं दिसलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. चहा तसाच ठेवून ते उठले.

पुढचे काही आठवडे नाल्यावर ठोकाठोक चालू होती. कुठून तरी सागाचे जुने वासे, फळ्या, जाड दोर आले. वस्तीतले चारपाच जण मदतीला. बाकीचे ओट्यावरून बघत होते, त्यात सावंतही. सुभेदारांनी एका बाजूला खांब ठोकले, दुसऱ्या बाजूला ठोकले, दोर ताणले, फळ्या बसवल्या. भिंतीच्या पडक्या जागेतून वाट झाली. कोकणात ओढ्यावर असतो तसा साकव. वस्ती त्याला साकवच म्हणायला लागली. शाळा उघडली त्या दिवशी पोरी रांगेने त्यावरून आल्या, एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हाताने दोर धरून. सुभेदार टोकाला उभे. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

जुलैत एका दुपारी डोंगरावर ढग अडकले आणि नाला बघता बघता फुगला. मी त्या दिवशी घरीच होते. मागच्या खिडकीतून दिसलं, सुभेदार साकवाच्या मधोमध उभे, दोन्ही हात पसरून. शाळेतून परत निघालेल्या पोरी या टोकाला. "कोणी पाय ठेवायचा नाही!" ते ओरडत होते. पायाखाली साकव थरथरतोय हे त्यांना कळलं होतं. ते मागे मागे सरकत पलीकडे पोचले, वळले आणि त्याच क्षणी अलीकडचे खांब उपटून निघाले. आख्खा साकव नाल्यात आडवा झाला, एकदा गिरकी घेतली आणि दिसेनासा झाला.

कुणाला खरचटलंही नाही. पण पोरी अलीकडे अडकल्या. सासूबाई छत्री घेऊन खाली गेल्या आणि सगळ्यांना वर घेऊन आल्या. आमच्या दोन खोल्यांत ओल्या फ्रॉकांचा ढीग. मी थालीपिठं लावत होते, सासूबाई एकेकीचं डोकं पुसत होत्या. शैलाने तेवढ्यात वही काढून गृहपाठ करायला घेतला. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "घर कसं गाठायचं याची काळजी नाही आणि ही बघ, गणितं सोडवतेय," त्या मला हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी सुभेदार डोंगराला वळसा घालून, नखशिखान्त भिजून आले. पोरींना ओळीत उभं केलं आणि घेऊन गेले.

मग ते दिसेनासे झाले. नळावर नाहीत, कचरापेटीपाशी नाहीत. वस्तीत काही लोक हसत होते. फौजेतला पूल म्हणे, एका पावसात गेला! एक दिवस काकीच आमच्याकडे आल्या. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी ती बाई सासूबाईंसमोर बसून रडायला लागली. "कोणाशी बोलणत नाय. नुसते भिंतीकडे बघीत बसान आसत. म्हणतत, पोरी वर असत्या तर? माझ्या भरवशावर पाय ठेवीत होत्या. मी काय सांगू तेंका?"

सासूबाईंनी त्यांना चहा दिला.

उत्तर सावंतकडून आलं. हे मला सुमनने सांगितलं. त्या दुपारी शैला नाल्याच्या अलीकडे अडकली तेव्हा सावंत गुत्त्यावर होता. संध्याकाळी तो झोकांड्या खात घरी आला तेव्हा सुभेदार पोरींना घेऊन वस्तीत शिरत होते आणि शैला त्यांचं बोट धरून चालत होती. तिने बापाकडे बघितलं आणि सुभेदारांचं बोट आणखी घट्ट धरलं. एवढंच झालं. सुमन म्हणाली, "त्यानंतर आमचे हे काही दिवस घराबाहेरच पडले नाहीत. मग एका सकाळी दाढी केली, पान्हा काढला, पुसला आणि गेले."

सुभेदारांच्या दारात उभं राहून सावंत म्हणाला, "सुभेदारानू, लाकडाचो गेलो. आता लोखंडाचो करूया."

आत खाट करकरली.

"बघूया नाय म्हणूक मी. करूया म्हटलंय."

सुभेदार बाहेर आले. काकी सांगायच्या, ते आधी सावंतचा पान्हा हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "थांब. बूट घालतंय."

या वेळी त्यांनी घाई केली नाही. पाऊस सरल्यावर ते वॉर्ड ऑफिसात गेले. तिथे साळवी नावाचा तरुण इंजिनियर होता. तो स्वतः येऊन नाला चढून वर गेला, खाली उतरला आणि काठावरच्या एका झाडापाशी थांबला. झाडाच्या खोडाला, आपल्या छातीच्याही वर, वाळलेलं गवत आणि चिंध्या अडकलेल्या होत्या.

"सुभेदार, पाणी इथपर्यंत येतं. तुमचा पूल याच्या खाली होता. तो राहणारच नव्हता."

सगळ्यांना वाटलं, आता सुभेदार फौजेतलं काहीतरी सांगतील. ते झाडापाशी गेले, त्या चिंध्यांना हात लावला आणि म्हणाले, "बरोबर. माझं चुकलं." मग साळवीकडे वळून म्हणाले, "फौजेत पूल एकदा ओलांडायचा असतो, साहेब. माणसं पुढे गेली की काम झालं. इथे रोज परत यायचंय, हे माझ्या लक्षात नाही आलं. तुम्ही सांगा कसा बांधायचा."

साळवी त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाचा. तो जरा गोंधळला आणि मग मनापासून कामाला लागला. परवानगीचं त्याने बघितलं, नकाशा त्यानेच काढून दिला आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन उभा राहायला लागला. गिरण्यांतले फिटर, वेल्डर, सुतार, ज्यांचे हात वर्षभर रिकामे होते, ते एकेक करून ओट्यावरून उठले. भांडुपकडच्या एका कारखान्याची जुनी शेड पाडत होते, तिथल्या लोखंडी तुळया सुभेदार मागून घेऊन आले. हातगाडीवरून त्या आणताना वस्तीतली झाडून सगळी माणसं ढकलायला होती.

अडलं ते आमच्याकडे. पूल उंच करायचा म्हणजे तो आमच्या भिंतीला येऊन भिडणार. भिंत फोडून रीतसर वाट द्यावी लागणार, तीही सोसायटीच्या आवारातून. सेक्रेटरी कर्णिकांनी सभा बोलावली. कर्णिक वाईट माणूस नव्हते, पण कुठल्याही गोष्टीत त्यांना आधी संकट दिसायचं.

"आज शाळेच्या मुली येतील. उद्या कोण येईल? सगळ्या वस्तीला आपलं आवार म्हणजे हमरस्ता होईल. चोऱ्या झाल्या तर जबाबदार कोण?"

बऱ्याच माना डोलल्या. सुभेदारांना बोलावलं होतं, ते मागे उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते. ते काही बोलण्याआधी सासूबाई उठल्या. त्या सभेत आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. अरुणने माझ्याकडे घाबरून बघितलं.

"कर्णिक, तुमच्याकडे भांडी कोण घासतं?"

"सुमन."

"ती कुठून येते?"

"म्हणजे... पलीकडून."

"कशी येते?"

कर्णिकांनी समोरच्या वहीचं पान उलटलं.

"नाल्यातून येते. साडी गुडघ्यावर धरून. ती आलेली तुम्हाला चालते, फक्त कोरड्या पायांनी आलेली चालत नाही, असंच ना? आमच्या घरी चांदीचा चमचा हरवला तेव्हा मी तिच्यावर संशय घेतला होता. तो सापडला माझ्याच खरकट्यात. चोर शोधायला भिंतीपलीकडे जायची गरज नव्हती मला." आणि त्या खाली बसल्या.

सुमनला काही कळलं तर काय, म्हणून माझा जीव खालीवर होत होता. तेवढ्यात सुभेदार पुढे आले आणि अगदी साध्या आवाजात कर्णिकांना म्हणाले, "तुमची काळजी खोटी नाही. वाटेला दार बसवू. सावंत लोखंडी दार करून देईल. किल्ली तुमच्याकडे. रात्री तुम्ही बंद करा, सकाळी शाळेच्या आधी उघडा. तुम्हाला वाटेल त्या दिवशी मला बोलवा, मी येऊन बसेन दाराशी."

कर्णिकांना असं काही अपेक्षित नव्हतं. कुणी त्यांची भीती खरी मानून तिच्यावर उपाय सांगेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला. "किल्ली माझ्याकडे राहणार असेल तर..." ते म्हणाले, आणि सभा संपली. पुढे कित्येक वर्षं कर्णिक रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते दार उघडायला जात. एक दिवस त्यांना ताप आला तर सोसायटीभर निरोप, किल्ली कोण घेणार म्हणून.

पावसाळ्याच्या तोंडावर पूल उभा राहिला. लोखंडी तुळया, वर जाड फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा. साळवीने सगळीकडून तपासून मान डोलावली. वस्ती काठावर जमली, सोसायटी भिंतीशी. पण पाऊल कुणी ठेवेना. पहिला साकव गिरकी खाऊन गेलेला सगळ्यांनी बघितला होता. आया पोरींचे हात धरून उभ्या होत्या आणि सोडत नव्हत्या. कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, तुम्हीच जा आधी."

सुभेदार पुलावर गेले नाहीत. त्यांनी बूट काढून गळ्यात अडकवले, विजार दुमडली आणि ते नाल्यात उतरले. पाण्यातून चालत पुलाच्या बरोबर मध्यावर, खाली जाऊन उभे राहिले. दोन्ही हात मागे, मान ताठ.

"आता जावा," ते खालून म्हणाले.

लोकांना क्षणभर कळलंच नाही. सावंतला कळलं. तो उतरला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग दुसरा फिटर, मग सुतार, मग ज्यांनी ज्यांनी त्या पुलाला हात लावला होता ते सगळे. साळवीने बूट काढले, पँट वर केली आणि तोही उतरला. सगळे त्या घाण पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे, डोक्यावर त्यांचाच पूल.

सुमनने शैलाचा हात सोडला. शैला पुलावर चढली आणि मधोमध आल्यावर कठड्यावरून वाकून खाली बघत ओरडली, "बाबा, मी तुमच्या डोक्यावर आसंय!" सावंत हसला की रडला ते वरून कळलं नाही. मग सगळ्या पोरी धावल्या. त्यांच्यामागे बाया, म्हातारी माणसं. अलीकडून सासूबाई माझा हात धरून निघाल्या. पलीकडे त्या पहिल्यांदाच जात होत्या, इतकी वर्षं शेजारी राहून. काकी दारात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सासूबाईंच्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "येवा. घर तुमचाच आसा."

त्या पावसाळ्यात नाला तीनदा फुगला. पूल हलला नाही.

संपाचं जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गिरण्यांत परत गेलेले थोडे. पण पुलाच्या कामात ज्यांची टोळी जमली होती ती तशीच राहिली. सावंतने दोघा-तिघांना घेऊन ग्रिल आणि दारं करायचं छोटं वर्कशॉप टाकलं. आमच्या खिडक्यांच्या ग्रिल त्याच्याच. सुभेदारांचं अर्थातच थांबलं नाही. वस्तीत संडासांच्या दुरुस्तीपासून डोंगरावर झाडं लावण्यापर्यंत काही ना काही चालूच होतं आणि प्रत्येक ठिकाणी आता "चुकलं तर सांगा हं" असं ते आधीच सांगून ठेवायचे. शैला दहावी झाली तेव्हा तिच्या बरोबरच्या बहुतेक पोरीही झाल्या. ती पेढे घेऊन आधी काकींकडे गेली, मग आमच्याकडे आणि मग, सासूबाईंनी सांगितलं म्हणून, कर्णिकांकडे. कर्णिक म्हणाले, "मी रोज वेळेवर दार उघडत होतो." शैला म्हणाली, "हो काका. एकदाही उशीर नाही केलात." कर्णिक दिवसभर सगळ्यांना ते सांगत होते.

पुढे सुभेदारांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितली, मुलीनेही गावाहून धोशा लावला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी गणपतीला गेले ते परत यायचे नव्हते, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही. दिवाळीनंतर सावंतने येऊन ते गेल्याचं सांगितलं. गावी, सकाळी, अंगणात बसल्या बसल्या. सासूबाईंनी हातातलं निवडण बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "आज चूल पेटवू नकोस," आणि मग स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेल्या. "नाही, पेटव. त्यांना आवडलं नसतं. वस्तीतली पोरं असतील, त्यांना जेवायला बोलाव."

मी सुभेदारांना शेवटचं पाहिलं ते गणपतीला निघाले त्या सकाळी. वस्तीने गावाला जायला एसटीची गाडी ठरवली होती. ड्रायव्हरने गाडी थेट आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत आणली आणि आता अरुंद रस्त्यात ती वळेना. मागे घेत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची होती. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब आणि कर्णिकांची स्कूटर. मागे पोरांचा घोळका, प्रत्येक जण ओरडतोय, येऊ दे, थांब, लेफ्ट मार, राइट मार. गाडी एकदा खांबाला घासता घासता राहिली. आत बाया किंचाळल्या.

सुभेदार पुढच्या सीटवर बसलेले होते, गळ्याला मफलर, चेहरा उतरलेला. काकी त्यांचा हात धरून "बसा गप" म्हणत होत्या. ते उठले आणि खाली उतरले. "सब चूप," ते म्हणाले, पूर्वीसारखं मोठ्याने नाही, पण सगळे गप्प झाले. ते गाडीच्या मागे गेले, ड्रायव्हरच्या आरशात दिसतील असे उभे राहिले आणि हात वर करून त्यांनी इशारा केला.

गाडी हळूहळू मागे यायला लागली. सुभेदार तिच्याकडे तोंड करून उलटे चालत होते. डावा हात, उजवा हात, तळहात पुढे, थांब. मध्येच त्यांना धाप लागायची. ते थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, आणि ती आख्खी गाडी, आतल्या पन्नास-साठ माणसांसकट, इंजिन घुरघुरत ठेवून त्यांचा श्वास परत येईपर्यंत उभी राहायची. मग ते पुन्हा हात वर करायचे आणि ती निघायची. आम्ही फाटकापाशी उभ्या होतो.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी ते पोचले. दोन्हीकडे नीट बघितलं. दुधाचा एक टेम्पो येत होता, त्याला त्यांनी तळहात दाखवून थांबवलं. गाडी वळून रस्त्याला लागली. सुभेदारांनी टेम्पोवाल्याला हात जोडून आभार मानले, गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, दाराची दांडी धरून वर चढले आणि गाडी निघाली.